नकाशेबाईंचा पाय

नकाशेबाईंच्या घरात काहीही खाली पडलं, की आधी त्यांचा पाय पुढे यायचा. चमचा, औषधाची गोळी, दाराची किल्ली. वस्तू पावलावर पडायची, मग अलगद फरशीवर उतरायची. हात जागचा हलायचा नाही. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा चहा निवला.

मी वरच्या मजल्यावर राहायला आले आणि आमची गट्टी जमली. मी साहित्य शिकलेली. पेन्सिल म्हणजे लिहायची वस्तू, एवढंच मला माहीत. त्यांनी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत जन्मभर नळांचे नकाशे काढले होते. तिथे उतरती टेबलं, आणि सगळे चपला काढून बसायचे. एक हात रेघेवर, दुसरा पट्टीवर. अशात बाजूची पेन्सिल घरंगळली, तर हात उचलून चालत नाही. रेघ बिघडते. म्हणून पाय.

त्यांचा पेन्सिलींचा डबा म्हणजे वंशावळच होती. सगळ्यात जुनी जाड शिशाची. मागचं बटण दाबलं की पुढचा चिमटा उघडायचा आणि शिसं सुळकन बाहेर. खाली तळहात धरला नाही, तर तुकडे. टोक वाळूच्या कागदावर घासायचं. मग बारीक शिशाच्या आल्या. घासायला नको, पण शिसं इतकं नाजूक की त्याला पुढे पातळ नळी लागते. नळी लांब आणि सरळ, म्हणजे पट्टीच्या कडेला नीट टेकते. तिथेच घोळ झाला. वजन सगळं पुढच्या अंगाला, त्यामुळे पेन्सिल पडते ती टोकावरच. नळी वाकली की संपलं.

"मग षटकोनी वापरा," मी म्हटलं. "गडगडणारच नाही."

"रेघ ओढताना पेन्सिल बोटांत फिरवावी लागते गं. नाहीतर शिसं एकाच बाजूनं झिजतं, रेघ जाड होत जाते. षटकोनी अडखळते. गोल फिरते."

"आणि पळतेही."

"पळणारच. जी फिरते ती पळते."

त्यांची लाडकी गोलच होती. काळी. पकडीपाशी बारीक खाचा, त्यातल्या काही त्यांच्या बोटांनी गुळगुळीत केलेल्या. तसली नळी आता कुठे मिळत नाही.

एकदा त्या टेबलापाशी उभ्या असताना ती पळाली. बाईंनी पाय टाकला आणि तोल गेला. पेन्सिल वाचली, खुबा मोडला.

ऑपरेशननंतर लेक आली. ती दातांची डॉक्टर. तिचं घर लहान, टेबल तिथे मावणार नव्हतं. ती म्हणाली, दिवसभर लोकांच्या तोंडाकडे बघायचं आणि संध्याकाळी आईच्या पायांची काळजी करायची, हे मला झेपणार नाही. महिनाभर बघू. पाय पुन्हा असा फेकलास, तर टेबल विकायचं आणि माझ्याकडे यायचं. जाताना तिने गालिचेही गुंडाळून नेले. वॉकर अडकतो म्हणून.

मग पाय आवरायची आमची तालीम सुरू झाली. बाई खुर्चीत, मी टेबलावरून चमचे सोडायची. चमचा सुटला की पाय बाहेर.

"मला निवृत्त केलं," त्या म्हणाल्या, "पायाला कोणी कळवलंच नाही."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. टेबल गेलं तर लेकीकडे मी करू काय, एवढंच त्यांनी विचारलं. मी चमचे गोळा केले. पुन्हा सोडायला लागले.

लेक ठरल्याप्रमाणे आली. चहा घेऊन आईशेजारी बसली. बाई आमच्या इमारतीच्या नळांचा नकाशा काढत होत्या. काळी पेन्सिल पट्टीला टेकवून त्यांनी खोडरबर घेतलं. लेक कप ठेवायला बाजूच्या स्टुलाकडे वळली आणि तिचं कोपर पट्टीला लागलं.

पेन्सिल सुटली.

मी बाईंच्या पायांकडे पाहिलं. दोन्ही जमिनीला चिकटलेले. बोटं आवळलेली, नखं पांढरी. डोळे घट्ट मिटलेले. पेन्सिल कड ओलांडून गेली. आवाज मात्र आला नाही.

लेकीचा पाय बाहेर आला होता. पेन्सिल तिच्या पावलावर पडून सावकाश फरशीवर उतरली. ती स्वतःच्याच पायाकडे बघत राहिली. मीही.

बाईंनी एक डोळा उघडला. "तुला हे कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. शाळा सुटली की तुझ्या कचेरीतच तर असायचे. टेबलाखाली."

"खुबा सांभाळ मग."

लेकीला हसू आवरेना. तिने पेन्सिल उचलली, दात तपासावा तशी नळी उजेडात धरून पाहिली. सरळ होती. ती टेबलावर ठेवायला गेली, थांबली, आणि उताराला आडवी न ठेवता उताराच्या दिशेने उभी ठेवली. दोन्ही बाजूंना खोडरबरं लावली.

"टेबल राहू दे," ती म्हणाली. "तूही राहा. मी येत जाईन."

बाईंनी मान हलवली. पायांची बोटं अजून आवळलेलीच होती.

"आता सोडा की," मी हळूच म्हटलं.

"सोडते. आधी तिचा चहा संपू दे. कप स्टुलाच्या अगदी काठावर ठेवलाय."