किल्ली अर्धी फिरवल्यावर

उभा जन्म वीज खात्यात काढला. दिवा आपोआप लागला तर लोक अंगारा आणतात, मी टेस्टर आणतो. या सदरातले गूढ अनुभव वाचून मी चहा पिता पिता हसलेलो आहे... आता तुम्ही हसा, माझं काही म्हणणं नाही.

मी सांगलीत, विश्रामबागला राहतो. एकटाच. मुलगा पुण्यात असतो. बायको, सुनंदा, दोन वर्षांपूर्वी गेली. पोर्चमध्ये आमची छोटी पेट्रोल गाडी आहे. पांढरा रंग तिनं निवडलेला – धूळ दिसते म्हणून मी नको म्हणत होतो.

आम्ही मूळचे आष्ट्याचे जैन. कुठंही निघताना शेजारच्या सीटवर बसून सुनंदा णमोकार मंत्र म्हणायची, आणि तोही इंजिनाच्या घरघरीत नाही. म्हणून मी किल्ली अर्धी फिरवून थांबायचो. समोरचे दिवे लागायचे. मागच्या सीटखालचा पेट्रोलचा पंप 'घूंऽऽ' करून दोनेक सेकंदांत गप्प व्हायचा. तिचं म्हणून झालं की ती मान हलवायची, मग मी स्टार्टर मारायचो. ती गेल्यावरही माझा हात तसाच थांबतो. सवय, दुसरं काय!

गेल्या थंडीत गाडी सुरू करताना पेट्रोलचा वास यायला लागला. चांगला भपकारा! गाडी कोपऱ्यापर्यंत गेली की नाहीसा. टाकीचं झाकण बदललं, पायाखालच्या मॅट धुतल्या, पण वास काही जाईना. मुलाला फोनवर सांगितलं आणि फसलो.

"अण्णा, विकून टाका ती. एक दिवस पेट घेईल. सांगलीत रिक्षा मिळत नाहीत का?"

मी ऐकल्यासारखं केलं. गाडी विकायची नव्हती. कारण मुलाला न सांगितलेली एक गोष्ट होती... त्याच दिवसांपासून तो पंप दोन सेकंदांत थांबेनासा झाला होता.

पहिल्यांदा वाटलं, पंपाची वीज जोडणारा-तोडणारा रिले अडकतोय. काढून तपासला – ठणठणीत. नवा घातला तरी तेच. मग एका सकाळी ऐकता ऐकता अंगावर काटा आला. सुनंदाला दमा होता, शेवटच्या ओळीआधी ती श्वास घ्यायला थांबायची. पंपही बरोबर तिथंच अडखळत होता. पुन्हा 'घूंऽऽ'... आणि तिचं जिथं संपायचं, तिथं बंद. मी रोज कारण नसताना भाजीला गाडी काढू लागलो. खरं सांगतो, फार बरं वाटायचं.

पण वास वाढत चालला. शेवटी ओळखीच्या उमेशला गॅरेजमधून घरी बोलावलं. तोंडाची टकळी सतत चालू असलेला माणूस. त्यानं बॉनेट उघडलं.

"काका, नुसती किल्ली द्या. स्टार्टर नगं."

मी किल्ली अर्धी फिरवली.

"ह्ये बघा! पाइप क्लिपपाशी तडकलाय. पंपानं जोर दिला की गळतंय. तुमी थांबता म्हणून वास तरी आत येतुय. लगीच सुरू करून गेला असता तर कळलंबी नसतं, आन एक दिवस भडका..." बोलता बोलता त्यानं कान टवकारले. "काका, पंप का थांबंना?"

म्हणजे त्यालाही ऐकू येत होतं! मला केवढा आधार वाटला म्हणून सांगू.

आवाज नीट ऐकायला तो आत येऊन डाव्या सीटवर बसला. किल्ली फिरवली – दोन सेकंद, गप्प. तो उतरला. किल्ली फिरवली – लांबलचक 'घूंऽऽ', मधे ती अडखळ. परत बसला, गप्प. परत उतरला...

"असलं वायरिंग न्हाई हो ह्या गाडीत," तो हळूच म्हणाला. "हितं काकी बसायच्या, व्हय?"

मी मान हलवली.

"पाइप बदलला की हे बंद होईल का रं?"

"गळतीचा न् पंपाचा काय संबंध न्हाई, काका. पंपाचा टाइम गाडीतला कॉम्प्युटर ठरवतुय. पन... काय सांगू तुमाला?"

'राहू दे पाइप' असं अगदी ओठांवर आलं होतं. पण गाडी दारात, शेजाऱ्यांची पोरं तिच्याभोवती खेळतात. आणि सुनंदा असती तर पहिल्याच दिवशी मला गॅरेजला पिटाळलं असतं.

"बदल," म्हणालो.

वास गेला. उमेश हत्यारं आवरून गेला. मी सीटवर बसून किल्ली फिरवली. दोन सेकंद, गप्प. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. बॅटरी उतरेल हे कळत होतं, तरी फिरवत राहिलो. ती गेली तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. या वेळी मी एकटाच होतो.

ओलावा, सैल जोड, अर्थिंग – सगळं तपासून झालंय. आधी का चालायचा, मग का थांबला, मला आजही सांगता येत नाही. कुणाला कळलं तर जरूर लिहा, मी वाद घालणार नाही.

मुलगा खूश आहे. गाडी आता लगेच सुरू होते. पण मला कुठं लगेच पोचायचं नसतं.