गेंदीचं बाळसं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही. ते गेले तेव्हा, खरं सांगते, रडता रडता हायसंही वाटलं — आता विचारणारं कुणी उरलं नाही म्हणून.

उज्जैनजवळ भैरवगढच्या शाळेत मी मास्तरीण होते. संस्थान जाऊन मध्यभारत झाला होता, धान्य मात्र रेशनचंच. वस्तीतल्या मुलांसाठी दुधाच्या भुकटीचे डबे येत. ती कालवून वाटायचं काम माझ्याकडे. दुसरं कुणी डब्याला हात लावत नसे. विश्वासाची बाई ना मी!

चैत्रगौरीचं हळदीकुंकू आलं. उज्जैनातल्या आपल्या साऱ्या मराठी बायका येणार — त्यांच्या हातावर काय नुसती आंब्याची डाळ ठेवायची? मी भुकटी घरी नेली, पेढे केले. वाहवा झाली. मग नेतच राहिले. शाळेच्या पातेल्यात तेवढं पाणी वाढत गेलं. चोरी म्हणतात ह्याला — मला काय कळत नव्हतं?

गेंदी त्या दुधावरच होती म्हणा ना. कापडावर ठशांचे छापे उठवणाऱ्याची पोर, बापाचं काम बंद, घरात मक्याच्या पिठाची पातळ पेज, राबडी म्हणतात ती. हातपाय नुसत्या काड्या. आणि एकाएकी तिचे गाल भरले. आई जमना तिला कडेवर घेऊन आली, हसत.

"बाई, देखो, आपके दूध से मोटी हो गई."

मी पोरीचा पाय हातात घेतला. सहज अंगठा दाबला. खळगा पडला — आणि तसाच राहिला. पोर रडलीसुद्धा नाही. हे बाळसं नव्हे, उपासाची सूज; माझा धाकटा भाऊ असाच सुजून गेला होता. मला कळणार नाही तर कुणाला? दवाखान्यात ने, एवढंच म्हणायचं होतं. पण डॉक्टर विचारणार, दूध मिळतं ना? मग कुणीतरी पातेल्यात बघणार, डबे उघडणार —

"हाँ जमना, सेहत बन रही है," मी म्हटलं. वर हसलेही.

त्यानंतर रोज सकाळी दूध वाटताना मी आधी मान वर करून बघायचे. गेंदी रांगेत दिसली की जीव भांड्यात पडायचा. मग एक दिवस ती दिसली नाही. पुन्हा दिसलीच नाही.

मग जमना शाळेच्या दारात आली. आता विचारेल, सगळ्यांदेखत विचारेल. तिने वाकून माझे पाय धरले.

"भूखी नहीं गई, बाई. आपने पिलाया."

मी पाय मागे घेतले नाहीत.