ज्या कागदात फुटाणे बांधले नाहीत

आमच्या कॉलेजच्या फाटकाबाहेर एक फुटाणेवाला बसायचा. करमाडहून सकाळच्या बसनं यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाईक नसलं की तो पुडीचा कागद मांडीवर सपाट करायचा आणि ओठ हलवत वाचत बसायचा. कागद म्हणजे आमच्याच रद्दीत गेलेल्या चाचणीच्या उत्तरपत्रिका.

मी इथं बीएच्या मुलांना तत्त्वज्ञान शिकवतो. मी सर आहे एवढंच त्याला ठाऊक होतं, विषय नव्हता.

एकदा पुडी बांधता बांधता तो म्हणाला, "सर, दुःखाचं कारण काय, असा सवाल हाय. समद्या पोरांनी एकच जवाब लिवलाय, तृष्णा. कानामात्रेचाबी फरक नाय."

ते उत्तर मीच दरवर्षी वर्गात उतरवून देतो.

त्यानं बरणीखालून घडी घातलेला एक कागद काढला. "ह्यात मात्र म्या फुटाणे बांधले नाय."

मी वाचलं. 'आई गेल्यापासून तिचा मिसरीचा डबा घरात कुणी उघडत नाही. मला तर तिच्याकडून काहीच नको होतं. मग यात तृष्णा कुठे आहे?'

"लई खरं लिवलंय लेकरानं," तो म्हणाला. "तपासणाऱ्यानं वाचलंच नसंल, व्हय ना?"

समासात लाल शाईचं शून्य होतं आणि त्याखाली माझी सही.

मी कागदाची पुन्हा घडी घातली, त्याच्या हातात दिली आणि म्हणालो, "वाचलं होतं."