शेकाट्याचं घरटं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. लेकीलाही नाही. तुम्हाला सांगते – पण सुरुवात कुठून करू?

नसीमपासून करते. नवरा गेल्यावर मी भवानी पेठेतल्या घरातून बाहेरच पडेनाशी झाले होते. एका सकाळी शेजारची नसीम दारात उभी राहिली. "चल गं तळ्यावर, पक्षी बघायला." गेले. शेकाट्या पहिल्यांदा पाहिला तो तिच्यामुळे – काळे पंख, लांबलचक गुलाबी पाय, उथळ पाण्यात जपून टाकलेलं एकेक पाऊल. त्या दिवशी कित्येक महिन्यांनी मी पोटभर जेवले. हे उपकार कसे फिटायचे?

उन्हाळ्यात तळं आटलं आणि चिखलात शेकाट्याच्या जोडीनं अंडी घातली. आम्ही पक्षी बघणाऱ्यांनी भोवती दोरी बांधली, कुत्री हाकलायला पाळ्या लावल्या. दुपारी मी, माझ्यानंतर नसीम.

आणि मी – मला फोटो हवा होता. अगदी जवळून. दोरी ओलांडून आत गेले. जोडी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली. मागं फिरायला हवं, हे कळत नव्हतं का मला? कळत होतं. तरी मोबाइल धरून बसून राहिले. शेवटी पक्षी कंटाळून पलीकडच्या काठाला गेले. मी बाजूला झाले, पण ते परतायच्या आत कावळे उतरले. धावले – काही उरलं नव्हतं. मग मी सरळ घरी निघून गेले.

संध्याकाळी सगळे जमले. नसीम रडत होती. "माझ्यामुळं झालं. सासूला दवाखान्यात नेलं, यायला उशीर झाला की मला."

"जमत नव्हतं तर पाळी घ्यायची कशाला?" कुणीतरी म्हणालं.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. फक्त हात फिरवला.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात ती माझीही पाळी करते. "तुला ऊन सोसत न्हाय, तू जा घरी." यंदा पिल्लं निघाली. मला हाताला धरून घेऊन गेली. "बघ की, कशी पळतायत!" तिचा उन्हानं रापलेला चेहरा नुसता हसत होता. तिनं मला जगात परत आणलं, आणि ही पिल्लंही तिनंच जगवली.

ती हे वाचेल. तिनं वाचावं म्हणूनच लिहिलं. नसीम, तू वेळेवर आली असतीस तरी घरटं रिकामंच असतं. ते मी केलं.