पाच यार्ड दिले, सेकंद ठेवून घेतले

अन्याय आमच्या वेल्डिंग शॉपमधल्या गड्यावर झाला. गेल्या हिवाळ्यात, लीगच्या फायनलला, रविवारी सकाळी, घड्याळात अकरा सेकंद उरले असताना. चेंडू मीच फेकला होता, म्हणून सांगतोय.

खेळ अमेरिकन फुटबॉल, पण आपल्याकडं खेळतात तो हलका प्रकार. हेल्मेट नाही, धडक नाही. कमरेला पट्ट्या लावायच्या, पट्टी ओढली गेली की तेवढा डाव थांबला. पाच विरुद्ध पाच. थेरगावच्या मैदानावर आयटीवाल्यांनी ही लीग सुरू केली आणि चाकणहून आमची एक टीम त्यात घुसली, सगळी कंत्राटी पोरं. आयटीवाल्यांना शनिवार-रविवार सुट्टी, आमच्या कंपनीला गुरुवारी. दर रविवारी कुणाच्या तरी विनवण्या करून शिफ्ट बदलून यायचो. पुढच्या वर्षी हे लाड बंद, असं सुपरवायझरनं सांगून टाकलं होतं. पण लीगची रीत अशी की फायनल जिंकणारा पुढच्या हंगामाचा वार ठरवतो. जिंकलो तर गुरुवार मागणार होतो. हरलो तर टीमच संपली.

समोरचा कॅप्टन पिंपळे सौदागरचा. त्याच्या सोसायटीत खालीच टर्फ आहे. हा माणूस अमेरिकेतले सामने घरी बसून लाइव्ह बघतो आणि मग त्याच खुर्चीवरून कामाला लागतो. मी तेच सामने कंपनीच्या बसची वाट बघत मोबाइलवर तुकड्या-तुकड्यांत बघतो, तेही डेटा उरला तर. त्याचे बूट बघून मला राग यायचा. त्याच्या टीमच्या सरावाला सगळे हजर असायचे, त्याचाही यायचा. आणि सामन्याआधी तो येऊन हसून पाणी विचारायचा, त्याचा तर सगळ्यात जास्त.

आम्ही चार गुणांनी मागं होतो. शेवटची रेघ ओलांडली की सहा गुण. मी चेंडू हातात घेतला तोच त्यांचे तीन जादा गडी बाहेरून आत पळाले. पाचाचे आठ. रेफ्रीनं पिवळा रुमाल टाकला, म्हणजे फाउल.

आता कंपनीत आमच्या लाइनवर काय होतं ते ऐका. काही बिघडलं म्हणून कुणी दोरी ओढली की दिवा लागतो आणि सगळे हात जागच्या जागी थांबतात. चूक कुणाची ते आधी बघायचं, आणि वाया गेलेला वेळ त्याच्या शॉपच्या नावावर टाकायचा. आमचा वेल्डिंगचा गडी वर्षानुवर्षं तिथंच उभा राहिलाय. रुमाल दिसला आणि तो थांबला. मोकळा होता. चेंडू त्याच्या पुढ्यात जाऊन पडला. या खेळात रुमाल पडला तरी तो डाव संपेपर्यंत चालूच असतो, आणि घड्याळही. चार सेकंद उरले.

शिक्षा म्हणून आम्हाला पाच यार्ड पुढं जायला मिळालं. गेलेले सात सेकंद परत नाहीत; फाउल त्यांनी त्यासाठीच केला होता. शेवटचा चेंडू त्यांच्या पाच जणांनी अगदी नियमात राहून अडवला.

मी कॅप्टनसमोर जाऊन म्हटलं, ही सरळ चोरी आहे.

"चोरी कुठंय भावा? पेनल्टी भरली ना आम्ही. सेकंद परत द्यायचे असं कुठं लिहिलंय, दाखव."

लिहिलेलं नव्हतंच. मी कामगारांची पत्रकं लिहिणारा माणूस. पोरांना कायम करायची वेळ आली की नेमका 'ब्रेक' देऊन घरी बसवतात, सगळं नियमात, ह्यावर मी गेटवर बोंबलत असतो. पळवाट कशी असते हे मला कुणी शिकवायला नको. आणि तरी ही मला दिसली नाही, त्याला दिसली. कारण नियमावली वाचत बसायला त्याच्याकडं रविवार आहेत.

आमचा गडी बूट काढत एवढंच म्हणाला, "रुमाल पडला की थांबायचं न्हाई, हे मला कुणी सांगितलंच न्हाई." आणि बसमध्ये आमचीच पोरं म्हणत होती, डोकं मात्र भारी चालवलं राव त्यानं. मी अख्खा हंगाम घसा फोडून डावपेच सांगितले, मला असं कुणी म्हणालं नाही.

त्यांनी पुन्हा रविवारच ठरवला. नियम बदलायची बैठकही रविवारीच ठेवलीय. त्या वेळी आम्ही लाइनवर असू. तुम्हाला रविवारी सुट्टी असते ना? मग मैदानावर या. शेवटच्या मिनिटात जाणूनबुजून फाउल केला तर गेलेले सेकंद परत मिळालेच पाहिजेत, आणि वार गुरुवार झाला पाहिजे, हे दोन्ही तिथं उभं राहून बोला. बोलून झाल्यावर मतदान होईपर्यंत उठू नका.