रिकाम्या चौकटीपुढचे अमीन

निजामाच्या राज्यात पारध्याला गावाबाहेर जायला पास लागे. नळदुर्गला नवे अमीन, म्हणजे फौजदार आले आणि त्यांच्या डोक्यातून निघालं की पासावर फोटोही हवा. गावात फोटो काढणारा मी एकटाच. एका सकाळी चौकीच्या अंगणात कॅमेरा मांडला. बाजूला एक म्हातारा पारधी माझे हात निरखत उकिडवा बसला होता. सोनारीला दिलेल्या त्याच्या लेकीचे दिवस भरले होते. अमीन दुपारी दौऱ्यावर निघायच्या आत पास मिळाला, तरच त्याला जाता येणार होतं.

तेव्हा फोटो काचेवर निघे, एका काचेवर एकच, आणि माझ्याकडे काचा दोनच होत्या. लढाईमुळे माल येत नव्हता.

"पैले हमारा," अमीन म्हणाले. अंगात शेरवानी, मागे छत्री धरलेला शिपाई. मी पाच मोजेपर्यंत हलायचं नव्हतं. तीनला त्यांनी मान वळवून शिपायाला शिवी हासडली.

"और एक लो."

मी काळ्या फडक्यात डोकं घातलं, काच नसलेली चौकट सरकवली आणि मोजू लागलो. या खेपेला अमीन देवळातल्या मूर्तीसारखे स्तब्ध. इतकं छान बसलेलं गिऱ्हाईक मी पुढं पाहिलं नाही.

मग म्हातारा. "किती येळ बसायचं?"

"पाच म्हणेपर्यंत."

"बस्स? हरणासाठी मी सकाळधरनं बसतो."

नाकावर माशी बसली, तरी पापणी हलली नाही. काच धुऊन फोटो उन्हात कागदावर उमटवला आणि पासावर डकवला. अमिनांनी न बघताच सही ठोकली.

अमिनांना पहिल्या काचेचा फोटो दिला. शेरवानी लख्ख, चेहऱ्याच्या जागी धूर, आणि मागचा शिपाई थेट जहागीरदार.

"दूसरा?"

"त्यात तर हुजूर एवढेही दिसत नाहीत." यात खोटं काहीच नव्हतं.

पंधरा दिवसांनी म्हातारा दुकानात आला. नात झाली होती. वाटेत पास कुणी पाहिलाच नाही. आता त्यावर फोटोही नव्हता. लेकीनं सोलून ठेवून घेतला होता.

"बाबा, अमिनांनी विचारलं तर?"

"त्यांचाच दुसरा डकवा की. रिकाम्या चौकटीपुढं लई झाक बसले व्हते."

नशिबानं नवा माल आला होता. त्याला पुन्हा बसवलं. तो तसाच निश्चल. पण हसता हसता माझाच धक्का कॅमेऱ्याला लागला, आणि एक काच वाया गेली.