चौथ्या खोलीतला माळा

लातूरहून नोकरीसाठी आले आणि उरवडे गावात एका शेतकरी कुटुंबाकडे खोली घेतली. भातखाचराच्या कडेला त्यांनी पत्र्याच्या छपराच्या चार खोल्या ओळीने बांधल्या होत्या. पहिल्या दोन खोल्यांत कारखान्यातले कामगार राहायचे, तिसरीत मी. चौथीला कायम कुलूप. तिची किल्ली घरमालकीण काकूंच्या कमरेला असायची.

इमारत बांधायच्या आधीच ती उन्हात किती तापेल, थंड ठेवायला किती वीज लागेल, हे कंप्युटरवर काढून बघणं, हे माझं काम. भिंती, काचा, छप्पर, वारा, ऊन, सगळं त्यात भरायचं. दिवसभर एसीत बसून मी काचेच्या टॉवरांची उष्णता मोजायचे आणि संध्याकाळी भट्टीत येऊन झोपायचे. एप्रिलच्या एका रविवारी मला याचं हसू आलं. टेप घेऊन मी आमच्या ओळीची बाहेरून मापं घेतली आणि ती चाळच प्रोग्रॅममध्ये उभी केली.

काकू ताक घेऊन आल्या. पडद्यावरची लाल-पिवळी घरं बघून उंबऱ्यातच बसल्या.

"हे आमचं घर व्हय? लई रंगीत केलंस की."

"जास्त लाल ते जास्त तापलेलं, काकू. तुमची चौथी खोली सगळ्यात वाईट. पश्चिमेचं ऊन थेट भिंतीवर येतं ना."

काकू खो खो हसल्या. "चौथी? अगं, दुपारची मी तितंच पडते. चारीत गार तीच हाय. तुझ्या कंप्युटरला म्हणावं, एकदा ये झोपायला."

मला ते खरं वाटलं नाही. कांदे ठेवायची खोली, अंधार असतो, म्हणून गार भासत असेल, असं मी मनात म्हटलं. पण चैन पडेना. साहेबांना विचारून ऑफिसातून तापमान नोंदवणारी काडेपेटीएवढी दोन यंत्रं आणली. एक माझ्या खोलीत लावलं, दुसरं काकूंच्या हातात दिलं. आठवड्याने आकडे बघितले. भर दुपारी चौथी खोली माझ्या खोलीपेक्षा सहा अंशांनी गार!

मग तीन संध्याकाळी मी त्यातच घालवल्या. भिंतीची जाडी तपासली, हवामानाची फाइल बदलली, सूर्याची दिशा पुन्हा बघितली. साहेबांना विचारलं, तर म्हणाले, "यंत्र चुकीच्या जागी लावलं असेल. रांजणामागे वगैरे." तेच विचारायला मी काकूंकडे गेले.

"कुटं लावलं म्हंजे? खिळ्याला," त्या म्हणाल्या. "चल, दावते. तू आत आलीसच कुटं अजून?"

खरंच की. चौथ्या खोलीत मी एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. बाकी तिघींसारखीच असणार, असं धरून चालले होते. काकूंनी कुलूप काढलं. आत शिरले, वर बघितलं आणि कपाळावर हात मारला. पत्र्याखाली बांबूचा माळा होता आणि त्यावर छातीभर भाताचा पेंढा रचलेला.

"पावसात भिजू नये म्हणून यांनी केलाय," काकू म्हणाल्या. "म्हशींचा चारा. का गं, काय झालं?"

मी खोलीतून लॅपटॉप आणला, तिथेच पोत्यावर बसून उघडला, छपराखाली पेंढ्याचा थर घातला आणि गणित पुन्हा चालवलं. लाल खोली हिरवी झाली. आकडा नोंदीला जवळजवळ चिकटला. मी एवढ्या जोरात ओरडले की काका गोठ्यातून धावत आले.

त्याच वर्षी चारही खोल्यांवर स्लॅब टाकायचा काकांचा बेत होता. मी तोही घालून बघितला. दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी, नेमके कामगार परतायच्या वेळी, आत उष्णता सोडत होता.

"मग सगळीकडे पेंढाच घालूया!" मी उत्साहाने म्हणाले.

"आन् खाली शेगड्या पेटल्या की?" काकूंनी विचारलं. "शिमगा करतीस का माझ्या घराचा?"

हे माझ्या प्रोग्रॅमने मला सांगितलं नव्हतं. मग आम्ही तिघं मिळून बसलो. मी एकेक पर्याय चालवायचे आणि काकू त्यातली अडचण काढायच्या. शेवटी ठरलं: पत्र्याला वरून चुन्याचा पांढरा हात, खाली सिमेंटच्या पातळ बोर्डाचं छत, मधल्या पोकळीला दोन्ही टोकांना जाळी, म्हणजे गरम हवा निघून जाईल. "चुना पावसात जाईल," काका कुरकुरले. "जाऊ दे, फाल्गुनात परत मारू," काकू म्हणाल्या. आधी माझ्या खोलीवर प्रयोग करायचा आणि जमला तर बाकीच्यांवर, असंही त्यांनीच ठरवलं.

मे महिन्यात माझं छत झालं. पहिल्याच दुपारी काकू पायरीवरून आत आल्या, छताखाली उभ्या राहिल्या आणि डोळे मिटले. मी यंत्राकडे बघत होते.

"न बघता सांगू? चौथीएवढी गार न्हाई. पर बसवतंय."

आकडाही तेच सांगत होता. पंधरा दिवसांत उरलेल्या दोन खोल्यांचं काम झालं. शेजारच्या खोलीतले कामगार रात्रपाळी करून दिवसा झोपायचे. ते आता दुपारी बाहेर कडुनिंबाखाली दिसेनासे झाले.

ऑफिसात मी ही गोष्ट सांगितली तेव्हा साहेब आधी हसले, मग म्हणाले, "रांजण नव्हता म्हणजे." तेव्हापासून कोणत्याही जुन्या इमारतीचं काम आलं की आम्ही आधी तिथे जातो, आत राहणाऱ्यांशी बोलतो आणि मगच माऊसला हात लावतो.

काकूंना मात्र आता चटक लागली आहे. परवा म्हणाल्या, "माझा गोठा घाल की कंप्युटरात. म्हशी लई धापा टाकत्यात." माझ्या प्रोग्रॅममध्ये बसलेला माणूस, टाइप करणारा माणूस, नाचणारा माणूस, प्रत्येकाची उष्णता दिलेली आहे. म्हैस कुठेच नाही.

"माणसांच्या हिशोबात बसवावी लागेल, काकू. एक म्हैस म्हणजे दहाएक माणसं धरू?"

काकूंनी गोठ्याकडे एक नजर टाकली. "थोरलीला बारा धर," त्या म्हणाल्या, आणि मी बारा लिहिले.